दोरवाटेखालची तार

सकाळी तागाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन दोरवाला घराबाहेर आला, तर त्याच्या दोरवाटेवर कोणीतरी चुन्याची फक्की मारून गेलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बरोबर मधोमध पांढरी रेघ. त्यानं गठ्ठा खाली ठेवला, रेघेकडे एकदा पाहिलं आणि पायानं ती पुसायला सुरुवात केली. अर्धी रेघ पुसून होते न होते तोच पलीकडून खणायचं यंत्र धडधडत आलं आणि त्याच्यापुढे चालत मुकादम आला.

दोरवाट म्हणजे काही रस्ता नव्हे. दोरवाल्याच्या घरापासून जुन्या वजनकाट्याच्या खोलीपर्यंत गेलेली ती सरळ, सपाट, खडासुद्धा नसलेली पट्टी. घराच्या अंगाला चाक, चाकावर बायको. दोरवाला कमरेला ताग गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचा आणि मागे मागे चालत जायचा. बोटांतून ताग सुटत जायचा, चाकानं त्याला पीळ बसत जायचा. वजनकाट्याच्या भिंतीला पाठ टेकली की एक पेड झाला. असे तीन पेड एकत्र वळले की दोर. त्याच्या बापानं हेच केलं, आज्यानंही हेच केलं. अख्खं घराणं उलटं चालण्यात गेलं म्हणून गाव त्याला मागेसरक म्हणायचं आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा.

"काका, रेघ का पुसली?" मुकादम म्हणाला.

"माझ्या वाटेवर रेघोट्या कोणी मारल्या?"

"सरकारी योजना आहे. देशभर गावोगाव तार चाललीय. इंटरनेट. त्या वजनकाट्याच्या खोलीत केंद्र होणार. दाखले, बिलं, सगळं तिथंच. डॉक्टरसुद्धा पडद्यावर."

"मग न्या की तार. मी कुठं नको म्हणतोय? पलीकडून न्या."

"पलीकडे कातळ आहे."

"मग अलीकडून."

"अलीकडे तुमचंच घर आहे, काका."

चाकापाशी बसलेल्या बायकोला हसू आलं. तिनं पदर तोंडावर घेतला, पण दोरवाल्याला ते दिसलंच. त्याचा पारा आणखी चढला.

"चर खणायचा, पाइप टाकायचा, बुजवायचा," मुकादम समजावू लागला. "चार दिवसांत तुमची वाट तुम्हाला परत."

"बुजवलेला चर खचतो. मी उलटा चालतो, मुकादम. डोळे चाकाकडे आणि टाच मागे. टाचेला खड्डा कळेपर्यंत मी आडवा झालेला असतो. आणि आता? कापणी तोंडावर आलीय. माणसं दारात बसलीत दोरासाठी."

"म्हणजे नाही?"

"नाही."

मुकादमाला असली माणसं रोज भेटत असावीत. तो चिडला नाही. त्यानं यंत्रवाल्याला हात केला आणि यंत्र मागे वळलं. "ठीक आहे. तार शाळेपर्यंत येईल आणि तिथं थांबेल. या गल्लीला नाही मिळणार. नंतर माझ्या नावानं खडे फोडू नका."

गल्लीनं खडे फोडले, पण मुकादमाच्या नावानं नाही. पाण्याच्या नळावर बायका दोरवाल्याच्या बायकोशी बोलता बोलता गप्प होऊ लागल्या. न्हाव्यानं तर दोरवाल्याची अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा थांबवून विचारलं, "काय मागेसरक, आता सगळ्या गल्लीलाच मागे सरकवता का?" अर्धी दाढी साबणात असताना माणूस काय उत्तर देणार? दोरवाला आरशात बघत बसला. घरी येऊन मात्र त्यानं बायकोवर आवाज चढवला, आणि तिनं शांतपणे विचारलं, "माझ्यावर का ओरडताय? वस्तरा काय माझ्या हातात होता?"

आता त्यांच्या लेकीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

लेक जन्मतःच बहिरी. गावाला वाटलं, या पोरीशी बोलणार कोण? पण या घराला ती अडचण कधी पडलीच नाही. चाक इतकं करकरायचं की वाटेच्या दुसऱ्या टोकावरून कितीही ओरडा, चाकावरच्या माणसाला ऐकू जायचं नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हे लोक हातांनीच बोलत आले. तळहात खाली दाबला की हळू. मूठ फिरवली की जोरात. दोन बोटं एकमेकांवर चढवली की पीळ जास्त झाला. दोन्ही तळहात झटकले की झालं, चाक सोड, ये. लेक चाकाच्या पायाशी रांगत मोठी झाली आणि या चार खुणांवर तिनं स्वतःची अख्खी भाषा उभी केली. आई रुसून बसली की ती बापाकडे बघून बोटावर बोट चढवायची आणि बाप मान डोलवायचा. गावातली माणसं तिच्याशी बोलताना उगाच मोठ्यानं ओरडायची. घरात मात्र तिची बडबड थांबता थांबायची नाही.

सगळ्यात मोठी खूण होती हात डोक्यावर नेण्याची. थांब. तो हात वर गेला की वादविवाद नाही. असेल ते टाकायचं आणि धावायचं. लहानपणी एकदा लेकीची वेणी चाकात ओढली गेली, तेव्हा तिनं हात वर केला होता. दोरवाला वाटेच्या पार दुसऱ्या टोकाला होता. तो कसा पोचला हे त्याला स्वतःलाही आठवत नाही. वेणी कापावी लागली, लेक वाचली.

गेल्या वर्षी तिचं लग्न झालं. जावई शहरात इस्त्रीचं दुकान चालवतो. त्याला ऐकू येतं, पण महिन्याभरात तो हातांनी असा बोलायला लागला की सासू खूश झाली. घर मात्र सुनं पडलं. चाक करकरायचं, दोघं काम करायची, पण बोलायला तिसरं कोणी नव्हतं.

लिहिण्यावाचण्याच्या बाबतीत तिघांचीही धाव सहीपर्यंत. म्हणून बोलणं व्हायचं ते व्हिडिओ कॉलवर, आणि तेही वजनकाट्याच्या ओट्यावर चढून, कारण नेटवर्क तेवढ्या जागीच यायचं. बायकोनं फोन धरायचा, दोरवाल्यानं हात हलवायचे. मग दोरवाल्यानं धरायचा, बायकोनं हलवायचे. लेकीचा हात उठायचा आणि हवेतच राहायचा. चित्र थांबायचं, मध्यभागी एक चकती गोल गोल फिरत बसायची. "नुसतं चाक फिरतंय," दोरवाला वैतागायचा, "दोर काही निघत नाही." चित्र पुन्हा हललं की मधलं बोलणं गेलेलं असायचं. कानाचं बोलणं तुटक आलं तरी माणूस जुळवून घेतो. हाताचं अर्धं बोलणं म्हणजे काहीच नाही. त्यामुळे बरी आहेस का, बरी आहे, जेवलीस का, जेवले, एवढ्यावर सगळं संपायचं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी असाच फोन लागला. लेकीचा चेहरा आला, हसली, काहीतरी सांगायला तिनं हात उचलला. मग अचानक तिचे डोळे मिटले, तोंड वाकडं झालं आणि हात सरळ डोक्याच्या वर गेला.

चित्र तिथंच थांबलं.

चकती फिरत राहिली. लेक तशीच: डोळे मिटलेले, तोंड वेडंवाकडं, हात वर. मग फोन बंद पडला. पुन्हा लावला, लागेना. जावयाला नुसता आवाजाचा फोन लावून पाहिला, तर तेवढंही नेटवर्क उरलं नव्हतं. बायको म्हणत राहिली, "अहो, थांबा जरा, सकाळपर्यंत लागेल." पण हात वर गेलेला त्यानं पाहिला होता. त्यावर विचार करायचा असतो हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

पहिल्या बसला तो निघाला. चाकावर अर्धा पेड तसाच ताणलेला राहिला. आयुष्यात त्यानं काम असं अर्धवट सोडलं नव्हतं.

बसमध्ये तो दांडी धरून उभाच होता. जागा रिकामी असतानाही त्याला बसवेना. शहरात उतरल्यावर गर्दीतून वाट काढत, लोकांचे धक्के खात, दोनदा चुकीच्या गल्लीत शिरून तो जावयाच्या दुकानाशी पोचला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

लेक दुकानात उभी होती. कपड्यांवर पाणी शिंपडत होती. धडधाकट.

बापाला बघून तिच्या हातातलं भांडंच खाली पडलं. काय झालं? तिचे हात विचारत होते. आई बरी आहे ना?

तुला काय झालं? बापाचे हात विचारत होते.

मला? मला कुठं काय?

मग दोरवाल्यानं भर रस्त्यात डोळे मिटले, तोंड वाकडं केलं आणि हात डोक्यावर नेला. रस्त्यानं जाणारी दोन माणसं थबकून बघू लागली. लेक क्षणभर बघत राहिली. मग तिनं पोट धरलं आणि ती खाली बसून हसायला लागली. हसता हसता तिचा हात वर गेला, डोळे मिटले, तोंड वाकडं झालं आणि ती जोरात शिंकली.

"कोळशाची इस्त्री आहे ना, मामा," जावई ओशाळून म्हणाला. "राख उडते. दिवसभर शिंकत असते ती. शिंक आली की हात वर करते, थांबा म्हणून."

दोरवाला तिथल्याच बाकावर बसला. जिवात जीव आला आणि त्यापाठोपाठ लाजही आली. एका शिंकेसाठी तो अर्धा पेड टाकून आला होता. लेक त्याच्यासाठी चहा घेऊन आली आणि कप देताना पुन्हा हसली. मग हसणं थांबवून तिनं त्याच्या सदऱ्याची पाठ हातानं चाचपली, किती भिजलीय ते पाहिलं आणि त्याच्या शेजारी बसून राहिली.

दुपारी कपडे कमी झाले तशी ती फोन घेऊन शेजारच्या दुकानात गेली. तिथं तार आलेली होती. दोरवालाही मागून गेला. लेकीनं फोन बरणीला टेकून ठेवला आणि पडद्यावर एक बाई आली. तीही बहिरी, कुठल्यातरी दूरच्या गावात शिवणकाम करणारी. आणि दोघी सुरू झाल्या. हात, बोटं, भुवया, खांदे, सगळं एकदम चाललेलं. चित्र कुठं अडकत नव्हतं. त्या बाईचं बोट हललं की इकडे लेकीची भुवई वर जायची. लेकीचे हात इतके भरभर चालताना दोरवाल्यानं लग्नानंतर पाहिले नव्हते. कितीतरी नव्या खुणा शिकली होती. अधूनमधून एखादी जुनी, घरची, दोरवाटेवरची खूण त्यात दिसायची आणि ती त्या परक्या बाईलाही कळत होती.

दोरवाल्याला हेवा वाटला. लेकीचा नाही, त्या बाईचा. माझ्या पोटच्या पोरीशी ही इतकं बोलते, आणि मी मात्र ओट्यावर चढून जेवलीस का विचारतो.

"आमच्याकडे असं का होत नाही?" दुकानात परतल्यावर त्यानं जावयाला विचारलं.

"तुमच्याकडे तार कुठं आलीय, मामा? अजून यायची आहे ना?"

"येत होती."

"मग?"

दोरवाल्यानं घसा खाकरला. "अजून थोडा चहा आहे का?" तो म्हणाला.

गावात उतरल्यावर तो घरी न जाता तडक शाळेपाशी गेला. मुकादमाची माणसं उरलेले पाइप गुंडाळत होती. मुकादम पाइपच्या वेटोळ्यावर बसला होता आणि शेजारी न्हावी, दुसरं कोण असणार.

"मुकादम, माझ्या वाटेतून न्या तार," दोरवाला म्हणाला.

"काय म्हणालात?" मुकादमानं ऐकलं होतं. तरी त्यानं पुन्हा विचारलं.

"वाट खणा म्हणतोय."

"परवा तर चर खचतो म्हणत होता."

"खचतोच. मी बघेन त्याचं काय करायचं ते."

न्हाव्यानं खाली बघून मिशीवर हात फिरवला. दोरवाल्याला ते दिसलं. त्यानं ते गिळलं. लेकीसाठी भर रस्त्यात तोंड वाकडं करून झालं होतं. त्यापुढे हे काहीच नव्हतं.

मुकादम उठला, त्याच्याजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, तार आहे, पाइप आहेत. पण यंत्र गेलं पुढच्या गावाला. ते काही मागे फिरणार नाही. माझी माणसं पाइप टाकतील, पण हातानं खणणार कोण?"

"मी."

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं, शिंकेसकट. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग ती उठली आणि माळ्यावरची कुदळ काढून त्याच्यापुढे ठेवली. फावडं तिनं स्वतःसाठी घेतलं.

दोरवाट खणणं सोपं नव्हतं. बापाच्या, आज्याच्या टाचांनी ती माती दाबलेली. कुदळ पडायची आणि हात झिणझिणून निघायचे. दोरवाल्याच्या हातांना घट्टे होते, पण ते बोटांना, दोराचे. कुदळीचे फोड तळव्याला आले. बायको फावड्यानं माती उपसून कडेला टाकायची आणि दर थोड्या वेळानं कंबरेवर हात ठेवून उभी राहायची. उन्हात माती तापायची, मातीचा वास कोरडा, जुना, कुठल्याशा बंद कोठीसारखा यायचा.

पहिल्याच दिवशी बायकोच्या लक्षात एक गोष्ट आली.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही इथंही मागे मागेच जाताय."

दोरवाला थांबला. खरंच होतं. कुदळ मारायची, पाऊल मागे घ्यायचं, पुन्हा मारायची. चर त्याच्या पुढ्यात लांबत होता आणि तो उलटा सरकत होता, नेहमीच्याच वाटेवर, नेहमीच्याच दिशेनं. "मग?" तो म्हणाला. "येतं तेच करणार ना माणूस." आणि त्यानंतर त्याचा हात बसला. मान वर न करता, मागे न बघता, त्याचा चर दोरीत धरल्यासारखा सरळ निघाला.

दुसऱ्या दिवशी न्हावी आला. सदरा काढून खांबाला अडकवला आणि बायकोच्या हातातलं फावडं मागितलं. त्याला काही फार जमत नव्हतं, माती निम्मी पुन्हा चरातच पडायची. पण दोरवाल्यानं त्याला एका शब्दानं टोकलं नाही. संध्याकाळी न्हाव्यानं त्याला तिथंच चाकापाशी बसवून दाढी केली, पुरी.

वजनकाट्याच्या भिंतीला दोरवाल्याची पाठ टेकली तेव्हा चर संपला. मुकादमाच्या माणसांनी पाइप अंथरला, त्यातून तार ओढली. उरलेला तुकडा मुकादमानं सोलून दाखवला. आत केसासारखा तंतू.

"एवढ्याशात माणसं बोलणार?" दोरवाल्यानं तंतू बोटांत धरून चोळला, उलटसुलट करून पाहिला. "हिला पीळच नाही."

"हिला लागत नाही, काका."

"पीळ सगळ्यालाच लागतो," दोरवाला पुटपुटला, पण वाद घातला नाही.

मुकादमाची माणसं फावड्यानं माती लोटून मोकळी होणार होती. दोरवाल्यानं त्यांना थांबवलं. त्यानं आणि बायकोनं थोडी थोडी माती टाकली, पाणी मारलं, टाचांनी दाबली, पुन्हा टाकली. दोघं शेजारी शेजारी, छोटी छोटी पावलं टाकत, चरावरून जात-येत राहिली. गल्लीतली माणसं दारात उभी राहून बघत होती. शेवटी दोरवाला चाकापाशी उभा राहिला, डोळे मिटले आणि मागे मागे चालत गेला. भिंतीला पाठ टेकल्यावर त्यानं डोळे उघडले आणि दोन्ही तळहात झटकले. बायकोनं तिकडून मान हलवली. शहरात जाताना अर्धा राहिलेला पेड त्यांनी त्याच दुपारी पुरा केला.

केंद्र सुरू झालं तेव्हा कापणी चालू झाली होती. वजनकाट्याच्या खोलीला रंग दिला होता, पण वजनाचा जुना आकडा अजून छताला लटकतच होता. टेबलावर संगणक, भला मोठा पडदा, आणि खुर्चीत शाळेतल्या मास्तरांची सून. ती या कामाचं शिकून आली होती. दाखल्यासाठी, बिलासाठी, पिकाच्या भावासाठी माणसं ओळीनं बसली होती. दोरवाला आणि बायको धुतलेले कपडे घालून आली होती, आणि लाजत होती.

"जावयाचा नंबर सांगा," मास्तरांची सून म्हणाली. नंबर लागला. पडद्यावर लेक आली. ओंजळीएवढा चेहरा बघायची सवय, इथं ती खरोखरीएवढी. मागे कपड्यांचे ढीग, इस्त्रीची वाफ, सगळं स्पष्ट.

बायकोनं हात उचलले ते खाली आलेच नाहीत.

आधी ख्यालीखुशाली झाली. मग लेकीनं विचारलं, चष्मा कुठाय? बायको म्हणाली, घरी राहिला. लेक म्हणाली, गेल्या वेळीही घरीच राहिला होता. बायको म्हणाली, तू माझी सासू आहेस का? लेकीनं बोटावर बोट चढवलं. बायकोनं दोनदा चढवलं. आणि मायलेकींचं असं जुंपलं की विचारू नका. चष्मा झाला, आईचं गुडघ्याचं दुखणं झालं, लेक वेळेवर जेवत नाही हे झालं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या धड भांडत होत्या. दोरवाला मध्ये स्टुलावर बसून एकदा इकडे, एकदा पडद्याकडे बघत होता आणि त्याला इतका आनंद झाला होता की चेहरा कुठं लपवावा ते कळेना.

मास्तरांची सून मात्र अस्वस्थ झाली. तिनं एक बटण दाबलं, मग दुसरं दाबलं. आवाजाच्या पेटीची वायर काढून पुन्हा लावली. शेवटी ओळीतल्या माणसांकडे बघून खजील झाली आणि म्हणाली, "काका, आवाज येत नाहीये का?"

"येतोय की," दोरवाला म्हणाला.

ओळीतला न्हावी खो खो हसला. मास्तरांच्या सुनेच्या ध्यानात आलं तशी तीही हसली आणि तिनं हात मांडीवर ठेवले.

ओळ लांबत चालली होती. दोरवाल्याला ते कळत होतं. त्यानं पडद्याकडे बघून दोन्ही तळहात झटकले. झालं. चाक सोड. लेकीनं मान हलवली, निरोपासाठी हात उचलला. मध्येच तिचे डोळे मिटले, तोंड वाकडं झालं आणि हात सरळ डोक्यावर गेला.

दोरवाला स्टुलावरून उठलाच. पाय सवयीनं धावायला निघाले होते. बायकोनं त्याचा सदरा धरला.

चित्र थांबलं नाही. लेक शिंकली, पुरी शिंकली, पदरानं नाक पुसलं आणि उभ्या राहिलेल्या बापाकडे बघून हसत सुटली.